तारखेची गाडी

"तू खालीच झोप. मला वर जमतं," असं म्हणत त्यानं तिची बॅग सीटखाली सरकवली, साखळी लावली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

समोरच्या बर्थवरच्या म्हाताऱ्या बाई कौतुकानं बघत होत्या. "यजमान फार जपतात हो तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"सकाळी अकरापर्यंतच," ती म्हणाली. "अकराला आमच्या घटस्फोटाची तारीख आहे."

बाईंनी घाईघाईनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. तो हसला. तिलाही हसू आवरेना.

लग्न ज्या गावात लागलं तिथल्याच कोर्टात दावा चालू होता आणि दोघांच्या नोकऱ्या तिथून एका रात्रीच्या अंतरावर होत्या. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. जायला गाडी एकच. पहिली तीन वर्षं ती पुढच्या डब्यात असायची आणि तो कुठंतरी मागं. फलाटावर समोरासमोर आले तर ती तोंड फिरवायची.

दावा तिचा होता. त्यात मारहाण नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. दोन खोल्यांच्या घरात त्यानं एके दिवशी भावाचं अख्खं बिऱ्हाड आणून ठेवलं होतं. ती आजारी पडली तेव्हा तिच्या कामावर जाऊन 'उद्यापासून ती येणार नाही' असं परस्पर सांगून आला होता. "या माणसानं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही," हे वाक्य तिनं वकीलबाईंना जसंच्या तसं लिहायला लावलं होतं. तोही हट्टाला पेटला होता. दर तारखेला उभा राहायचा आणि एकच सांगायचा, "साहेब, मला घटस्फोट नको. मला माझी बायको हवी."

मग गेल्या वर्षी परतीच्या गाडीत तिला ताप भरला. त्याला कुणाकडून कळलं कोण जाणे. गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन तो नऊ डबे तुडवत आला आणि उतरेपर्यंत तिच्या पायाशी बसून राहिला. पुढच्या तारखेआधी त्याचा फोन आला. "दोघांची तिकिटं एकत्र काढू का? तुला चालणार असेल तरच." तो विचारतोय, हे तिच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला.

तेव्हापासून ते एकत्र जाऊ लागले. सहा वर्षांच्या संसारात झाल्या नव्हत्या तेवढ्या गप्पा या गाडीत झाल्या. भावानं वेगळं घर केल्याचं त्यानं सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या वकिलानं आतूनच त्याला कुठली कुठली कलमं ऐकवली, तेही सांगितलं. आजही दिवे मालवेपर्यंत ती त्याच विषयावर हसत होती.

सकाळी उतरल्यावर तो चहा आणायला गेला. तेवढ्यात तिनं वकीलबाईंना फोन लावला. तो दोन कप सांभाळत येताना दिसला तसा तिनं बोलणं आटोपतं घेतलं.

कोर्टात नेहमीसारखीच गर्दी होती. त्यांचा पुकारा झाला. वकीलबाई हातातला कागद नीट करत उठणार, एवढ्यात तो उभा राहिला.

"साहेब, माझी आता काही हरकत नाही. त्यांना मोकळं करा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "विचार करून बोलताय?"

"पूर्ण विचार करून."

वकीलबाई तिच्याकडे वाकल्या. "काय करायचं?" त्यांनी हळूच विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो सरळ समोर बघत होता. छाती काढून. पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा. तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

"तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

चार वर्षं रखडलेलं काम दुपारच्या आत उरकलं.

संध्याकाळी परतीच्या गाडीत तो भलताच मोकळा होता. त्यानं खिडकी पुसून दिली, तिच्यासाठी उशी मागून आणली, शेजाऱ्याशी गप्पाही मारल्या. ती बाहेर बघत होती. मान न वळवताच ती म्हणाली, "मला आधी विचारायचंस तरी."

"त्यात काय विचारायचं?" त्याला खरंच नवल वाटलं. "चार वर्षं तू तेच तर मागत होतीस! तारखांमागं तारखा लावून मीच तुला पळवलं. म्हटलं, बास झालं. एक गोष्ट तरी हिच्या मनासारखी करावी." तो चपला काढून वर चढला. "खरं सांगू? आज कसं हलकं हलकं वाटतंय. तुला नाही वाटत?"

"वाटतंय ना," ती म्हणाली. "बरं केलंस."

तिचा फोन वाजला. वकीलबाई होत्या.

"ताई, माझ्या मनाला रुखरुख लागलीय म्हणून फोन केला. तुम्ही सकाळी सांगितलंत तसा दावा मागं घ्यायचा अर्ज मी टाइप करून आणला होता. तुम्ही मान हलवलीत म्हणून दिला नाही. तो तसाच आहे माझ्याकडे. काय करू त्याचं?"

वरच्या बर्थवर तो कुशीवर वळला. त्याला लगेचच झोप लागली होती.

"फाडून टाका," ती म्हणाली.