लंबूची पुडी

वर्गमित्राला अखेरचा निरोप देऊन लंबू आणि त्याची मैत्रीण त्या मित्राच्या घराच्या जिन्यात बसले होते. आत मित्राची आई भेटायला येणाऱ्यांना सांगत होती, पोराचं हृदयच बंद पडलं. नशेच्या गोळ्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. लंबूनं खिशातून तसल्याच गोळ्यांची पुडी काढली. "तो नि मी मिळून घ्यायचो." ती ओरडली नाही. "चल, तुझ्या आईला सांगू. मी येते सोबत." "आज नको गं. उद्या नक्की सांगतो." "तोही मला उद्याच म्हणाला होता." लंबू उठला आणि तिच्यासोबत आपल्या घराकडे निघाला. लंबूच्या आईनं दार उघडलं. दोघांचे सुजलेले डोळे पाहून म्हणाली, "या रे, आधी पाणी प्या." त्यानं आईचा हात धरून तळव्यावर पुडी ठेवली. आईनं मूठ मिटली आणि त्याला घट्ट जवळ ओढलं.