गार केलेली लाल वाईन

"लाल वाईन गार करत नाहीत," बॅरिस्टर त्रिलोकेकर जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना सांगत होते. "गार केली की तिची चव मरते. जिभेला काही कळतच नाही. खोलीत असते तशीच प्यायची."

कस्तुराबाई ताटं उचलत होती. तिचा हात जरासा थांबला.

रोज संध्याकाळी साहेब बाईसाहेबांसाठी हीच लाल वाईन स्वतः गार करत. बाटली सकाळपासून बंगल्याच्या विहिरीत सोडलेली असे. मग ती मुंबईहून भुशात गुंडाळून आलेल्या बर्फात ठेवत. पेल्यावर बाहेरून दव धरलं की तो कस्तुराबाईच्या हातात देत.

"वर ने. सगळा संपवायला सांग."

१९३४ चा उन्हाळा होता. बाईसाहेबांच्या छातीचं दुखणं वाढलं म्हणून दोघं मुंबई सोडून तुंगार्लीच्या या बंगल्यात राहायला आली होती. औषधांना बाईसाहेब विटल्या होत्या. शेवटची बाटली त्यांनी खिडकीतून बागेत भिरकावली आणि यापुढे औषध तोंडाला लावणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून डॉक्टर यायचे, नाडी बघायचे आणि खाली साहेबांशी हळू आवाजात बोलून परत जायचे. ताकदीसाठी वाईनचा एक पेला तेवढा त्यांनी घ्यायला सांगितला होता.

इथे आल्यावर बाईसाहेबांचा दम थोडा कमी झाला होता. पण अन्न दिसलं की त्यांना मळमळायचं. दोन घास पोटात ठरत नव्हते.

कस्तुराबाईची धाकटी बहीण झुंबरबाई सुदुंबऱ्याला अशीच ओकून ओकून गेली होती. भाजीत कण्हेरीचं मूळ होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कस्तुराबाईलाही. वडगावच्या कोर्टात मात्र कोणी तोंड उघडलं नाही आणि झुंबरच्या नवऱ्याने पुढच्याच वर्षी दुसरी बायको आणली.

एका संध्याकाळी बाईसाहेबांना झोप लागली आणि पेला खिडकीत तसाच राहिला. वाईन कोमट झाली होती. कस्तुराबाईने बोट बुडवून चाटलं. कडूजहर. खाली येऊन तिने कपाटातल्या बाटलीतली वाईन चाखली. ती नुसती तुरट होती.

दुसऱ्या दिवशी तिने दाराच्या फटीतून पाहिलं. साहेब पाठमोरे उभे होते. एका निळ्या बारक्या बाटलीतून पेल्यात थेंब टाकत होते. मग त्यांनी ती बाटली टेबलाच्या खणात ठेवली.

"महिपतीभाऊ, सायेब बाईसायबांच्या वाईनीत कायतरी घालत्यात," ती विहिरीवर माळ्याला म्हणाली.

महिपतीने पोहरा खाली ठेवला. "तू बगितलंस?"

"व्हय."

"मग बगितलं न्हाई असं समज. बालिष्टराच्या इरुद्ध तुजं कोन ऐकनार?"

"झुंबरच्या येळंला बी समदी असंच म्हनली," ती म्हणाली. "मला येक बारकी बाटली इहिरीत सोडून दे. बाकी काय मागत न्हाई."

तिने कपाटातली वाईन भरून आणलेली बाटली महिपतीने विहिरीत सोडून दिली.

त्या संध्याकाळपासून कस्तुराबाई जिन्याच्या वळणावर थांबू लागली. साहेबांनी दिलेला पेला तांब्यात रिकामा करायचा, पदराखालच्या बाटलीतली चांगली वाईन त्यात ओतायची आणि वर जायचं. ती वाईनही तितकीच गार असावी लागे, नाहीतर बाईसाहेबांना कळलं असतं.

"आज कडू नाही गं लागली," बाईसाहेब म्हणाल्या.

"बरफ लय हाय आज," कस्तुराबाई म्हणाली.

आठवडाभरात मळमळ थांबली. बाईसाहेबांनी पिठलं मागून घेतलं आणि बोटं चाटून खाल्लं. साहेब दारात उभे राहून पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले. कस्तुराबाईने मान फिरवली. असली नाटकं तिने सुदुंबऱ्याला पाहिली होती.

"पेला संपवते ना ती?" त्यांनी विचारलं.

"व्हय सायेब. थेंब ठिवत न्हाईत."

मग बाईसाहेबांच्या पायांवर सूज आली. आडवं झालं की जीव घाबरा होई, म्हणून त्या उशांना टेकून बसूनच राहत. जुनं विष आता अंगावर निघतंय, असं कस्तुराबाईला वाटलं. ती प्रत्येक पदार्थ स्वतः रांधू लागली आणि आधी स्वतः खाऊन पाहू लागली. खाली साहेब निळी बाटली घेऊन पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहत. तिने ते सगळं न चुकता मोरीत ओतलं.

एका सकाळी, मुंबईची गाडी यायच्या आत, बाईसाहेब गेल्या. साहेबांनी त्यांना धरलं होतं, ते सोडवेना. कस्तुराबाईनेच त्यांचे हात बाजूला केले.

डॉक्टर आले आणि साहेबांना घेऊन दिवाणखान्यात बसले. कस्तुराबाईने टेबलाच्या खणातली निळी बाटली काढली. या खेपेला ती गप्प बसणार नव्हती. कोर्ट झालं तर कोर्टात उभी राहणार होती.

तिने आत जाऊन बाटली डॉक्टरांच्या समोर धरली. "डाक्टरसायेब, ही बगा. वाईनीत ह्येच घालत व्हते."

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "माहीत आहे, बाई. मीच दिली होती. उघड दिलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं. याने थोडं मळमळतं, आणि हे फार कडू असतं, म्हणून वाईन गार करायला सांगितली होती."

साहेबांनी ओंजळीतून तोंड वर काढलं. "डॉक्टर, मी एक संध्याकाळ चुकवली नाही. सूज आली तेव्हा तुम्ही सांगितलंत तसे थेंबही वाढवले. मग असं कसं झालं?"

"तेच मला समजत नाही," डॉक्टर म्हणाले. "या थेंबांवरच त्यांचं हृदय चाललं होतं. हे पोटात जायचं बंद झालं असतं, तरच असं व्हायला हवं होतं."