विहिरीचा जामीन

"विहिरीत दोर सोडू नका," असं सकाळपासून सांगून सांगून खुशालरावांचा घसा बसला होता. अमरावतीच्या त्या पेठेत पटकीची साथ शिरली होती, आणि पेठेच्या एकुलत्या एका विहिरीच्या काठावर ते हात आडवे करून उभे होते. समोर घागरी घेतलेल्या बाया, मागे त्यांचे पुरुष. गल्लीतून मधूनच रडण्याचा सूर निघे आणि रांगेतलं कुणीतरी घागर टाकून घराकडे धावे.

इंग्रज साहेब तर विहीर दगडमातीने बुजवायलाच निघाला होता. रोग पाण्यात आहे, असं त्याचं म्हणणं. पेठेच्या पंचांनी कचेरीत जाऊन त्याची मनधरणी केली. बुजवू नका, उपसून साफ करा. तोवर पहारा आमचा, एक पोहराही आत जाणार नाही. त्या बोलाला खुशालराव जामीन राहिले. साहेब म्हणाला, तोवर पाणी सरकार पुरवील. सरकार आणि रयत एका कामाला लागली, म्हणून पंच खुशीत घरी परतले. पाणी कशातून येणार, हे ना साहेबाने सांगितलं, ना यांनी विचारलं.

ते आलं रऊफ भिश्त्याच्या बैलावरून, चामड्याच्या पखालीतून. पेठेत ते कोण पिणार? दूरच्या झऱ्यावरून हंड्यांतून आणावं म्हटलं, तर गावातली एकूणएक गाडी कापसाला जुंपलेली. विलायतेने कापसाला सोन्याचा भाव दिलेला. पाणी वाहायला गाडी मागितली की गाडीवाले हसायचे. बाकीचे पंचही कापसाच्या बाजारात बसले होते. उरले एकटे खुशालराव.

"सरा, खुशालभाऊ," रांगेत पुढे उभी असलेली म्हातारी पार्वताबाई म्हणाली. तिचा नातू पहाटेपासून ओकत होता. "पोरगं पाणी पाणी करून राह्यलं. जिभेले कोरड पडली त्याच्या."

"हे पखालीतलं न्या न, मावशी. साफ झऱ्याचं हाय. या विहिरीच्या पाण्यानंच लोक मरून राह्यले."

"कातड्यातलं, परक्या हातचं पाजू मी त्याले? मंग तुमी कावून नाही पीत?"

सकाळपासून खुशालराव लोकांना घ्या घ्या म्हणत होते आणि स्वतः तहानेने व्याकूळ होऊनही त्यांनी त्या पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली. काठावरून खाली उतरून ते रऊफपुढे ओंजळ करून वाकले.

"ओत."

रऊफच्या खांद्यावर भरलेली मशक, पाण्याची लहान कातडी पिशवी, होती. तो तिचं तोंड सोडीना. "सोचून पाहा, भाऊ. मंग मले बोल नका लावू."

"ओत म्हणतो न."

ते पोटभर प्याले. मिशा पुसून वर पाहिलं, तेव्हा ते जवळजवळ हसतच होते. आता पहिली घागर पुढे येईल असं त्यांना वाटलं. रांग मात्र चार पावलं मागे सरली. ते पुन्हा काठाकडे निघाले, तशी पेठेतले वडीलधारे जानराव आडवे आले. त्यांनी हात जोडले.

"विहिरीवर पाय ठेवू नका, खुशालराव."

"मी साहेबाले जबान देली हाय."

"देली असंन. ते आमच्या पंचानं देली होती. तुमी आता आमच्यातले नाही राह्यले."

जानरावांनी खूण केली. पुढच्या दोघी काठावर चढल्या आणि पोहऱ्याला दोर बांधू लागल्या. कुणी काठी घेऊन आलं असतं, तर खुशालरावांनी त्याला अडवलं असतं. हात जोडणाऱ्याला अडवायचं कसं, हे त्यांना कळेना. आपण प्यालो आणि सगळं घालवून बसलो, या विचाराने त्यांना रडू फुटायचं बाकी राहिलं.

मग त्यांनी रऊफच्या खांद्यावरची मशक ओढून घेतली. कुणाला काही कळायच्या आत जानरावांना बाजूला सारून ते काठावर चढले आणि उरल्या पाण्यासह ती मशक त्यांनी विहिरीत उलटी केली.

पाणी पडल्याचा आवाज खालून वर आला. विहीर बाटली. उपसल्याशिवाय आता तिला कुणी शिवणार नव्हतं, आणि साहेबाला दिलेला बोलही तोच होता. पोहरा बांधणाऱ्या बाईच्या हातून दोर सुटला. कुठून तरी एक दगड आला आणि खुशालरावांच्या कपाळाला लागला. ते मशक धरून तसेच उभे राहिले.

पार्वताबाईने एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा बैलाकडे. मग ती पखालीपाशी गेली आणि तिने घागर खाली ठेवली. रऊफने पखालीचं तोंड सोडलं. घागर भरेपर्यंत तिने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला होता.

"पोरगं जगलं त जगलं," घागर कमरेवर घेत ती म्हणाली. "पण तुमी मेले त तिरडीले खांदा द्याले पेठेतलं कोणी येनार नाही, खुशालभाऊ."

आणि ती घराकडे पळत सुटली.