जहाजाची वेळ

सव्वाचार वाजले तरी लेनर्डचा पत्ता नव्हता. साडेचारच्या आत सगळ्यांनी जहाजावर चढायचं, पाचला जहाज सुटणार. ग्लेनिस सातव्या डेकच्या कठड्याला धरून खाली मिंडेलो बंदराच्या धक्क्याकडे बघत होती. शेजारी नोरीन उभी होती. दोघी केप टाउनपासून जेवायला एकाच टेबलावर, त्यामुळे लेनर्डची बडबड नोरीनच्याही वाट्याला आलेली.

"फोन लाव की नवऱ्याला," नोरीन म्हणाली.

ग्लेनिसनं लावला. पलीकडून साधं हॅलोसुद्धा नाही. "अजून सव्वा तास आहे, ग्लेनिस. त्या तुझ्या डबड्यात बघून माझं डोकं खाऊ नकोस." आणि फोन बंद.

डबडं म्हणजे तिच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ. ते बिचारं बरोबर चालत होतं. चुकला होता तो लेनर्डचा फोन. मिंडेलोच्या बेटावरची वेळ जहाजापेक्षा तासभर मागं, आणि जमिनीवर पाय पडला की फोन आपोआप तिथली वेळ धरतो. एका दिवसासाठी जहाजाची घड्याळं बदलणार नाहीत, जहाजाच्या वेळेनंच परत या, असं कॅप्टननं सकाळी नाश्त्याला दोनदा बजावलं होतं. सगळ्यांनी ऐकलं. लेनर्डनं कुठून ऐकायला? तो वाढप्याला अंडं कसं उकडावं ते शिकवत होता. ग्लेनिस सांगायला गेली तर अख्ख्या टेबलादेखत म्हणाला, "आधी तोंडातला घास गिळ, मग बोल." तिनं घास गिळला आणि बोलणंही गिळलं. मग तो एकटाच उतरला. हिच्या चालीनं गेलो तर मासळीबाजार उठेल, असंही सगळ्यांना सांगून गेला.

तिनं परत फोन लावला. त्यानं उचलला नाही.

"हा घे माझा," नोरीननं आपला फोन पुढं केला. "अनोळखी नंबर दिसला तर लगेच उचलेल. परक्यांशी कसा साखर पेरत बोलतो मेला."

ग्लेनिसनं फोन घेतला. आकडे दाबले, शेवटचा तेवढा राहिला. एक वाक्य पुरलं असतं: तुझा फोन तासभर मागं आहे. तो टॅक्सी करून दहा मिनिटांत आला असता. धापा टाकत वर चढला असता, आणि पहिलं वाक्य काय बोलला असता तेही तिला ठाऊक होतं. सकाळी का नाही सांगितलंस? मग मादेरापर्यंत तेच, साउदॅम्प्टनपर्यंत तेच, आणि घरी गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेच. तिला राग आला होता. आजचा थोडा, बाकी सगळा जुना.

तिनं फोन परत दिला. "राहू दे. त्याला मध्ये बोललेलं आवडत नाही."

नोरीननं तिच्याकडे बघितलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

पावणेपाचला गणवेशातली अधिकारी बाई आली. कोणी मागं राहिलं तर त्याचा पासपोर्ट धक्क्यावरच्या एजंटाकडे देऊन जहाज निघतं, हा रिवाजच. "बाई, साहेबांचा पासपोर्ट लागेल. आणि तुम्ही उतरणार की थांबणार, ते आत्ताच सांगा."

"मी कशाला उतरू?" ग्लेनिस म्हणाली. "मी तर वेळेवर आलेय."

खोलीत जाऊन तिनं त्याच्या पिशवीत पासपोर्ट, एक धुतलेला सदरा आणि रक्तदाबाच्या गोळ्या घातल्या. गोळ्यांच्या डबीवर लिहिलं, 'रात्री आठला.' जरा विचार केला आणि खाली लिहिलं, 'तिथल्या आठला.' मग पिशवी त्या बाईच्या हातात दिली.

ती वर आली तोवर कठडा भरला होता. उशीर झालेली माणसं धक्क्यावरून धावताना बघायची आणि टाळ्या पिटायच्या, ही प्रत्येक बंदरातली करमणूक. त्यात आज लेनर्ड राहिलाय म्हटल्यावर, जे कधी वर फिरकत नसत तेही प्याले घेऊन आले. पहाटे सहाला पोहायच्या तलावाकाठी टॉवेल टाकून चार-चार खुर्च्या अडवणारा हा माणूस. कुणालाच वाईट वाटलं नाही.

शिडी उचलली. दोर सुटले. आणि तेव्हा लेनर्ड आला.

धावत नाही, चालत. डोक्याला नवी गवती टोपी, हातात कागदी पिशवी. त्याच्या हिशेबानं तो अर्धा तास लवकर आला होता. वरून टाळ्या पडल्या, तर यानं टोपी काढून हलवली. मग त्याला जहाज आणि धक्का यांच्यामधलं पाणी दिसलं.

तेव्हा मात्र तो धावला. एजंटानं त्याला अडवलं आणि पिशवी हातात दिली. लेनर्डनं मान वर करून एकेक डेक शोधला. ग्लेनिस दिसली तसं तो ओरडायला लागला. वारा शहराकडे वाहत होता, त्यामुळे एक शब्द वर येईना. मग त्यानं फोन उंच धरला आणि त्याच्या काचेवर बोट आपटू लागला, पुन्हा पुन्हा.

"काय म्हणतोय?" मागून कुणीतरी विचारलं.

ग्लेनिस घड्याळाला चावी देत होती. मान वर न करता म्हणाली, "किती वाजले, ते मला सांगतोय."