मुंगसाचं माहेर

भिमाजीमामांनी पोह्यांची बशी बाजूला सारली, पिशवीतून डिक्शनरी काढली, आणि शेजारी बसलेल्या कुंडलिकनं मान खाली घातली.

ही बारावी मुलगी. आधीच्या अकरा जणी याच पुस्तकापायी हातच्या गेल्या होत्या. मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले त्या वर्षी ही डिक्शनरी त्यांना जुन्नरच्या बाजारात रद्दीवाल्याकडं मिळाली, आणि भाच्याच्या लग्नाचं वाटोळं सुरू झालं. मुलगी बघायला गेलं की मामा एक इंग्रजी शब्द घालायचे. त्याचं स्पेलिंग, अर्थ, आणि तो मुळात आला कुठून. स्पेलिंगला निम्म्या गळायच्या, कुठून आला म्हटलं की उरलेल्या. नारायणगावच्या एकीनं तर "आधी तुमी कुठनं आलात ते सांगा" असं तोंडावर विचारलं होतं. कुंडलिकला ती फार आवडली होती. पण बापामागं मामांनीच वाढवलेलं पोर. मामांपुढं बोलायची काय बिशाद! एकतीस वर्षांचा घोडा झाला तरी तो आपला पायाच्या अंगठ्याकडं बघत बसायचा.

आज घोडेगावजवळच्या सावळेरामांच्या घरी आले होते. सावळेरामांची सुप्रिया समोर पाटावर बसली होती. तिची आजी चिमाबाई उंबऱ्यात, आणि मामांच्या शेजारी सखूबाई मामी, नेहमीसारख्या गप्प.

"सांगा. मॉन्गूस."

"एम, ओ, एन, जी, डबल ओ, एस, ई," सुप्रिया म्हणाली. "म्हणजे मुंगूस. आमच्या गंजीखाली जोडी हाय. दाखवू?"

"सकाळीच तोंड दाखवून गेलं," चिमाबाई उंबऱ्यातून म्हणाली. "मी म्हटलंच, आज पावणं येत्यात ते चांगलं व्हणार."

कुंडलिकनं पहिल्यांदा मान वर केली. मुलगी सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, आणि चक्क हसत होती. त्याच्या मनात आलं, देवा, एवढी एक पास होऊ दे.

"आता शेवटचं," मामांनी पान बोटानं झाकलं. "हा शब्द विंग्रजांनी आणला कुठनं?"

"कुठनं म्हंजे? आपल्यातूनच नेला. मराठीतला हाय त्यो."

मामांनी बोट काढून पान बघितलं. पुन्हा बघितलं. अकरा गावं पालथी घातल्यावर उत्तर द्यायला माणूस भेटलं होतं, आणि आता पुढं काय विचारायचं ते त्यांना सुचेना.

"आपलं मुंगूस?" चिमाबाईला काही पटेना. "मग त्येचं नाव का गं बिघडवलं?"

"सासरी गेलं ना आज्जे. तिथल्या लोकांना म्हणायला येईना, मग त्यांनी त्यांच्या सोयीनं ठेवलं."

मामा खूश होऊन मांडीवर थाप मारून म्हणाले, "पास! सावळेरामभाऊ, पोरगी आमची. आता पुढचं ऐका. आमच्यात सुनेचं नाव बदलायची पद्धत हाय. कुंडलिकच्या जोडीला शोभंल असं कौसल्या ठरवून ठेवलंय."

ठेवलं होतंच. पहिल्या मुलीच्याही आधी. नाव तीन वर्षं तयार होतं, फक्त मुलगी मिळायची राहिली होती.

"नाव न्हाई बदलणार मी," सुप्रिया म्हणाली.

सावळेरामांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "अगं, पद्धत असती त्येंची."

"असू दे ना आबा. मुंगसाचं माहेर कुठलं ते इचारायला मामा पुस्तक घिऊन फिरत्यात. मग माझंच माहेर का पुसायचं?"

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी डिक्शनरी मिटली, टोपी नीट केली आणि ते उठले. "आमच्या घराण्यात असं बोललेलं चालत न्हाई. चल रं कुंडलिक."

कुंडलिक उठला नाही. मामांनी सांगितलेलं न करायची त्याची ही पहिलीच वेळ. झालं, ही बारावीही गेली, असं त्याला वाटलं आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"बसा खाली," कुणीतरी म्हणालं.

मामी बोलल्या होत्या. मामा इतके चकित झाले की खरोखरच बसले.

"पोरगी पास झाली," मामी म्हणाल्या. "आता तुमची पाळी. माझं नाव काय?"

"हे काय इचारणं झालं? सखू."

"ती तुमच्या आईनं केली. लग्नात तांदळात अंगठीनं सखू तुमीच लिवलंत, मी शेजारीच बसले व्हते. त्येच्या आधी सोळा वरसं मला आईबाप कोणत्या नावानं हाक मारत व्हते?"

मामांनी आढ्याकडं बघितलं. कपाळ चोळलं. चाळीस वर्षं त्यांनी 'अगं' वर काम भागवलं होतं.

"थांब. सांगतो. म पासून काय तरी..."

"स्पेलिंग नको," मामी म्हणाल्या. "नुसतं नाव सांगा."

घरात कुणी हसलं नाही. चिमाबाईनं मात्र पदर तोंडात कोंबला. कुंडलिकला तेवढ्यात आवाज सापडला. "मामा, मला सुप्रिया हेच नाव आवडलंय. हेच राहू द्या." कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेणारा माणूस भलत्याच अडचणीत होता. सावळेरामांनी लगबगीनं साखर आणायला सांगितलं.

साखर आली, सगळ्यांच्या हातांवर पडली. मामी अजून नावासाठी मामांकडंच बघत होत्या. मामांनी हातरुमालानं चष्मा पुसला, नाकावर चढवला, आणि डिक्शनरी पहिल्या पानापासून उघडली.