दोघांचा हप्ता

"काढून टाकू या मग ह्यांचं नाव," चित्राबाई म्हणाल्या आणि पोह्यांवर कोथिंबीर पसरायला लागल्या.

केदारचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं तो हेच सांगत होता आणि आईने त्याला कधी दाद दिली नव्हती. चित्राबाई पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. दर नोव्हेंबरच्या पेन्शनमधून त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता परस्पर कापला जाई, आणि तो दोघांचा असे: स्वतः आणि पती प्रभाकर. प्रभाकर तर नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी पायात चपला अडकवून डोंबिवलीच्या घरातून जे गेले, ते परत आलेच नाहीत.

पैशांचं केदारला काही नव्हतं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत त्याचं बरं चाललं होतं. त्याला खुपायचा तो पेन्शनच्या स्लिपवरचा एक शब्द, 'पती'. तो दिसला की आदल्या संध्याकाळचं भांडण जसंच्या तसं आठवे. बाबांनी छपाईच्या धंद्यात घरातली सगळी पुंजी घालवली होती, त्यात केदारच्या लग्नासाठी ठेवलेलीही होती. केदार तोंडाला येईल ते बोलत सुटला होता. शेवटी म्हणाला होता, "आजपासून तुम्ही मला मेलात."

बोलून गेला खरा, मग वर्षभर वणवण केली. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतची पोलीस ठाणी, सरकारी दवाखाने, मठ, अन्नछत्रं, काही सोडलं नाही. सापडले तर आधी पाय धरायचे, एवढंच त्याच्या मनात होतं. आई बरोबर असायची. मग एक दिवस तीच म्हणाली, "पुरे आता, केदार." तिने हाय खाल्ली, असं त्याला वाटलं.

पण विम्यातून नाव काढायचं म्हटलं की बाई जागची हलायची नाही. "विमा आहे तर असू दे. माणसाला कधी लागेल सांगता येतं का?"

"आई, नसलेल्या माणसाला ताप येत नाही."

यावर ती उठून कामाला लागे. तिचा विरंगुळा एकच, दर पंधरवड्याला खडवलीला शालनकडे जायचं. शालन तिची ऑफिसातली जुनी मैत्रीण. डबा भरून न्यायची, दोन दिवस राहून यायची. केदार सोडायला निघाला की म्हणे, "स्टेशनवर शालन येते. तू उगाच सुट्टी घालवू नकोस." या खेपेला शालनला बरं नाही म्हणून चांगले तीन आठवडे राहून सोमवारी परतली होती, आणि आज हे.

केदारने लगेच हाफ डे टाकला. गाडी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा त्याचं लक्ष आईकडे गेलं. कपाळावर टिकली नव्हती. नऊ वर्षं ती न चुकता लावत आली होती. त्याने विचारलं नाही. आईने एकदाची मनाची समजूत घातली, याचं त्याला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

ठाण्याच्या पेन्शन ऑफिसात नोव्हेंबरची गर्दी होती. आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायला आलेली मंडळी बाकांवर बसून एकमेकांच्या तब्येतीची जरा जास्तच बारकाईने चौकशी करत होती. खिडकीपलीकडे राजरत्न नावाचा तरुण कारकून होता.

"काकू, तुमचा हयातीचा दाखला झाला. आता नाव कमी करायचंय म्हणता. कारण काय टाकू?"

केदार पुढे सरसावला. "बाबा बेपत्ता आहेत, सर. नऊ वर्षं झाली. ही पोलीस कम्प्लेंट, ही पेपरातली जाहिरात, हे माझं अ‍ॅफिडेव्हिट."

राजरत्नने कागद चाळले. जाहिरातीतल्या फोटोवर त्याची नजर जरा थांबली. "समजतंय मला, दादा. पण बेपत्ता माणूस आमच्या सिस्टिममध्ये हयातच असतो. कोर्टाची ऑर्डर आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला."

"सात वर्षांनी गेले असं धरतात ना?"

"कोर्ट धरतं. मला नाही धरता येत." त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "आणि यंदाचा हप्ता परत नाही मिळणार हां. क्लेम झालेला दिसतोय."

"माहीत आहे," चित्राबाई म्हणाल्या. मे महिन्यातलं आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केदारला आठवलं.

त्याने कागद गोळा केले. "चल आई. वकिलांशी बोलतो मी. सहा-आठ महिने लागतील, लागू देत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चूक माझी होती. एकदा भेटले असते ना, तर तेवढं सांगून टाकलं असतं."

चित्राबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "केदार, तू जरा बस खाली."

त्याला बसवून त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला. "हा चालेल का बघा."

"चालेल की, काकू. हाच तर हवा होता." राजरत्न एकेक रकाना वाचत टाईप करू लागला. "नाव, प्रभाकर. ठिकाण, खडवली. खबर देणार, पत्नी. मृत्यू दिनांक, तीन नोव्हेंबर." त्याची बोटं थांबली. "म्हणजे ह्याच महिन्यातला."