बर्फ का तरंगतो

"बर्फ पाण्यावर का तरंगतो?" सरांनी विचारलं आणि खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर आला.

आज पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. ते मागच्या बाकांवर अवघडून बसले होते. मुख्याध्यापिका दाराशी उभ्या होत्या.

हात ज्या मुलीचा होता, तिला वर्ग 'सांडी' म्हणायचा. पाण्याची बाटली, कंपास, डबा, तिच्या हातात काही टिकत नसे. काय करायचं ते डोक्याला कळे, पण हात ऐकत नसत. डॉक्टरांनी त्याला डिस्प्रॅक्सिया असं नाव दिलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला ती वर्गात तोंडातून अक्षर काढत नव्हती. मग सरांनीच तिच्याशी ठरवून टाकलं, "तू सांगायचं, मी फळ्यावर लिहायचं." तेव्हापासून ती विचारलं तर बोलायची. आपणहून हात मात्र आज पहिल्यांदा वर केला होता.

"पाणी गोठताना पसरतं," ती उभी राहून म्हणाली. "वजन तेवढंच, पण जागा जास्त लागते. म्हणून बर्फ वर राहतो. तसं नसतं ना सर, तर तळं तळापासून गोठलं असतं. सगळे मासे मेले असते."

मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. सर खडू घेऊन फळ्याकडे वळले.

"तुम्ही कशाला?" मुख्याध्यापिका हसत म्हणाल्या. "तिलाच लिहू द्या की."

"मॅडम, ती सांगते आणि मी..."

"परीक्षेला पण तुम्हीच बसणार का तिच्या जागी?"

पालक हसले. सरांनी खडू मुलीपुढे धरला.

'पाणी' लिहितानाच खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं काढलेली अक्षरं खाली घसरत गेली, एकमेकांवर चढली. "सांडलं, सांडलं," कुणीतरी कुजबुजलं आणि वर्गात खसखस पिकली. ती तळहातानं पुसायला गेली, तर होतं तेही फरफटलं.

मागच्या बाकावरून तिचे बाबा उठले. त्यांचे कान लाल झाले होते. "माफ करा हं मॅडम, घरीही हिचं असंच चालतं," म्हणत त्यांनी तिच्या बोटांतून खडू काढून घेतला. मग तिचं उत्तर, शब्दन् शब्द, सुंदर वळणदार अक्षरांत लिहून काढलं.

टाळ्या पडल्या. ती शेजारीच उभी होती.

शाळा सुटल्यावर सर तिच्या बाकाशी आले. ती दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवू बघत होती, तो चढत नव्हता. सरांनी हात पुढे केला तशी ती मागे सरली.

"सर, यापुढे मला काही विचारू नका."

"अगं, पण तुला येतं!"

"ते तुम्हाला माहीत आहे ना? मग झालं तर."